जुने वेल्डिंग मशीन सिंगल फेजवर : आधी वीज पाहा, मग मशीन उघडा



गळीत हंगाम तोंडावर आला की गावोगाव एकच गडबड उडते. कोणाच्या ट्रेलरची हूक झिजलेली असते, कोणाच्या टायरगाडीची दांडी वाकलेली असते, कोणाच्या सरी रेझरचा पंख निखळलेला असतो. ही सगळी कामे शेवटी वेल्डिंगवाल्याच्या दारात येऊन थांबतात. आणि वेल्डिंगवाला म्हणतो, "लाईट आल्यावर या." आता घरात तर दिवा जळत असतो, पंखा फिरत असतो. पण त्याला पाहिजे असते ती थ्री फेज.

शेतीच्या फीडरवर थ्री फेज ठराविक तासच मिळते, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास, अशी पाळीपाळीने वीज घेण्यात आपली कित्येक वर्षे गेली. २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाल्यापासून काही भागांत शेतीला दिवसा वीज मिळू लागली आहे. पण तेथेही सूर्य मावळला की प्रश्न तोच. आणि ट्रॉलीची दांडी काही वेळापत्रक पाहून तुटत नाही. भरलेली ट्रॉली रात्रभर वस्तीवर उभी राहिली तर तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते आणि उताराही खाली येतो. म्हणजे तोटा सभासदाचाही आणि कारखान्याचाही.

त्यामुळे बरेच सभासद विचारतात की, घरी किंवा वस्तीवर पडून असलेले जुने थ्री फेज वेल्डिंग मशीन सिंगल फेजवर करून घेता येईल का? उत्तर सरळ आहे. काही मशिने करता येतात, काही करण्यात अर्थ नाही, आणि काही करणे धोक्याचे आहे. मात्र कोणत्याही मशीनला हात लावण्यापूर्वी एक गोष्ट मनात पक्की बसली पाहिजे. मशीन बदलता येते, पण लोखंड वितळवायला लागणारी वीज बदलत नाही. पूर्वी ती दोन-तीन फेजमधून येत होती, आता ती एकाच फेजमधून येणार आणि एकाच न्यूट्रलमधून परत जाणार. सगळा लेख या एका वाक्याभोवती आहे.

आपले मशीन कोणत्या जातीचे?

सगळ्यांच्या तोंडी "थ्री फेजचे मशीन" असे एकच नाव असले तरी त्यात तीन वेगळ्या जाती आहेत. ओळखायचे कसे? मशीनवरची पाटी पुसून वाचावी आणि मशीनला येणाऱ्या केबलमधल्या तारा मोजाव्यात.

पहिली जात म्हणजे तेलाच्या टाकीतला ट्रान्सफॉर्मर. खेड्यापाड्यांत बहुतेक ठिकाणी हाच दिसतो. याच्या केबलमध्ये दोनच जिवंत तारा असतात आणि तिसरी अर्थची असते. म्हणजे तीनपैकी दोनच फेज तो वापरतो. पाटीवर ३८० किंवा ४१५ व्होल्ट लिहिलेले असते. खरे पाहता हा सिंगल फेजचाच ट्रान्सफॉर्मर आहे, फक्त त्याची प्रायमरी जास्त व्होल्टेजसाठी भरलेली आहे. एक फेज आणि न्यूट्रल यांच्यात साधारण २३० व्होल्ट मिळतात आणि दोन फेजमध्ये ४०० ते ४१५. फरक एवढाच.

दुसरी जात म्हणजे रेक्टिफायर मशीन. याला तीन जिवंत तारा असतात. आत तीन खांबांचा ट्रान्सफॉर्मर आणि पुढे मोठे डायोड असतात. हे डीसी करंट देते. कारखान्यांतून, ठेकेदारांकडून लिलावात निघालेली अशी मशिने बऱ्याच जणांनी स्वस्तात घेऊन ठेवली आहेत.

तिसरी जात सर्वांत जुनी. थ्री फेज मोटार आणि तिच्याच शाफ्टवर डीसी जनरेटर. वजन बैलाएवढे, आवाज गिरणीएवढा. पण वेल्डिंग मात्र लोण्यासारखे.

आधी थोडी आकडेमोड

आकडेमोड म्हटले की कंटाळा येतो, पण उसाच्या बिलाचा हिशेब आपण जसा पैसा न पैसा पाहतो तसाच हाही पाहावा.

तेलाच्या मशीनचा सेकंडरीचा रिकामा दाब, म्हणजे रॉड टेकवण्यापूर्वीचे व्होल्टेज, साधारण ७५ असते. दहा नंबरच्या रॉडला सुमारे १०० अँपियर लागतात. ७५ गुणिले १००, म्हणजे मशीन लाईनकडून ७,५०० व्होल्ट-अँपियर मागते. हेच दोन फेजवर, ४१५ व्होल्टवर, १८ अँपियर होतात. सिंगल फेजवर २३० व्होल्टला तेच ३३ अँपियर होतात. आठ नंबरचा रॉड १६० अँपियरवर चालवला तर मागणी १२,००० व्होल्ट-अँपियरची. ४१५ वर २९ अँपियर, तर २३० वर ५२ अँपियर.

म्हणजे करंट सरळ १.८ पट झाला. आता आपल्या घराच्या मीटरकडे पाहा. बहुतेक घरांचा मंजूर भार एक-दोन किलोवॅटचा. दोन किलोवॅट म्हणजे जेमतेम नऊ अँपियर. त्यावर ३३ अँपियरचे मशीन लावायचे, म्हणजे दोन बैलांच्या जुवाला पाच बैलांचा नांगर बांधण्यासारखे झाले.

तारेचेही तसेच. पोलपासून वस्ती ३० मीटरवर असली तर जाऊन-येऊन तार ६० मीटर होते. ती अडीच चौरस मिलिमीटर अॅल्युमिनियमची असेल तर ३३ अँपियरला जवळजवळ २२ व्होल्ट वाटेतच मुरतात आणि तार तापते ती वेगळीच. संध्याकाळी गावात मुळातच २०० व्होल्ट असतील तर मशीनपर्यंत १८० सुद्धा पोचणार नाहीत. मग रॉड चिकटतो, आणि आपण म्हणतो रॉड वाईट. रोग रेड्याला अन् औषध पखालीला!

दोन तारांचे मशीन : दोन रस्ते

पहिल्या जातीचे मशीन सिंगल फेजवर करणे शक्य आहे आणि रास्तही आहे. त्याचे दोन रस्ते आहेत.

*पहिला रस्ता : कॉइल समांतर जोडणे.* काही मशीनमध्ये प्रायमरी दोन सारख्या कॉइलची असते आणि त्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. ४१५ व्होल्टचे निम्मे म्हणजे सुमारे २०७ प्रत्येकीच्या वाट्याला येतात. याच दोन कॉइल समांतर जोडल्या तर मशीन २३० वर चालते. तार विकत घ्यावी लागत नाही, तासाभराचे काम आहे. पण यात दोन खाचा आहेत.

पहिली खाच टोकांची. दोन कॉइलची टोके उलटसुलट जोडली गेली तर एकीचे चुंबकत्व दुसरीला मारते आणि मशीन म्हणजे नुसते शॉर्ट सर्किट होते. म्हणून लाईन देऊन "बघू काय होतंय" असे करू नये. सोपी परीक्षा अशी: मशीन लाईनपासून पूर्ण तोडावे. प्रायमरीच्या दोन कॉइल एकमेकींपासून सोडवाव्यात. बॅटरी चार्ज करण्याच्या मशीनमधल्या ट्रान्सफॉर्मरचे १२ व्होल्ट एसी (डायोडच्या अलीकडचे) सेकंडरीच्या दोन टोकांना, म्हणजे जेथे होल्डरची आणि अर्थची केबल लागते तेथे द्यावेत. मग प्रत्येक प्रायमरी कॉइलवर सुमारे ३३ व्होल्ट दिसतील. एका कॉइलचे एक टोक दुसरीच्या एका टोकाला जोडावे आणि उरलेल्या दोन टोकांमध्ये मीटर लावावा. मीटरने जवळजवळ शून्य दाखवले तर जोडलेली टोके एका जातीची आहेत आणि उरलेली दोनही एका जातीची. तशीच समांतर जोडावीत. मीटरने ६५-६६ दाखवले तर एक कॉइल उलटी करावी आणि पुन्हा तपासावे. शून्याच्या जागी दोन-चार व्होल्ट राहात असतील तर दोन्ही कॉइलचे वेढे सारखे नाहीत. अशा कॉइल समांतर जोडू नयेत, रिकाम्या मशीनमध्येही त्या एकमेकींत करंट फिरवून जळतील. परीक्षा चालू असताना उघड्या टोकांना हात लावू नये, ६६ व्होल्टही ओल्या हाताला कमी नाहीत.

दुसरी खाच जास्तीच्या दाबाची. कॉइल २०७ व्होल्टसाठी बनलेली आहे, तिला आपण २३० देतो, म्हणजे ११ टक्के जास्त. कोअर तेवढ्याने भरत येतो, मशीनची घुरघुर वाढते आणि रिकामे असतानाही तेल तापते. होल्डरवरचा रिकामा दाब ७५ वरून ८३ व्होल्टवर जातो. हाताने करायच्या एसी वेल्डिंगला ८० व्होल्ट ही आजच्या मानकांतली सुरक्षिततेची मर्यादा आहे. ओल्या किंवा अडचणीच्या जागी ती ४८ पर्यंत खाली येते. मध्यरात्री गावाचा भार उतरला की लाईनच २४०-२४५ होते, तेव्हा होल्डरवर ८८ येतात. पाटीवर ३८० लिहिलेले असेल तर फरक याहून मोठा. म्हणून जोडणी बदलल्यावर मशीन तासभर रिकामे चालवून पाहावे. टाकीला हात ठेववत नसेल तर हा रस्ता आपल्या मशीनसाठी नाही.

*दुसरा रस्ता : प्रायमरी पुन्हा भरणे.* हा पक्का उपाय आहे. जो मोटार भरतो तोच हेही भरतो. सेकंडरीला हात लावायचा नाही. फक्त प्रायमरीचे वेढे कमी करायचे आणि तार जाड घ्यायची. समजा जुन्या प्रायमरीवर ४१५ व्होल्टला १६६ वेढे आहेत, म्हणजे एका वेढ्याला अडीच व्होल्ट. २३० व्होल्टला ९२ वेढे लागतील. करंट १.८ पट होणार म्हणून तारेची जाडी, म्हणजे तिच्या काटाचे क्षेत्रफळ, १.८ पट पाहिजे. जुनी तार १० चौरस मिलिमीटरची असेल तर नवी १८ ची. वेढे कमी आणि तार जाड, त्यामुळे जागा तेवढीच लागते आणि तारेचे वजनही जवळपास तेवढेच राहते. भरणारा "जागा बसत नाही, बारीक तार घालतो" म्हणाला तर काम दुसरीकडे न्यावे. तसेच जुनी तार तांब्याची आहे की अॅल्युमिनियमची, हे आपण समोर उभे राहून पाहावे. तांब्याच्या जागी त्याच जाडीचे अॅल्युमिनियम घातले तर मशीन पहिल्याच हंगामात धूर काढील.

करंट कमी-जास्त करण्याचे टॅप प्रायमरीवरच असतील तर प्रत्येक टॅपचे वेढे त्याच प्रमाणात काढावे लागतात. जुने वेढे मोजून कागदावर लिहिल्याशिवाय कॉइल तोडू देऊ नये.

टाकी उघडली आहे तर तेलही बदलावे. काळे पडलेले, पाणी शिरलेले तेल इन्सुलेशन खाते. ट्रान्सफॉर्मरचेच तेल घालावे. इंजिनाचे उरलेले तेल ओतण्याची काटकसर करू नये.

घरातल्या कंडेन्सरचा खरा उपयोग

आपल्याकडे कंडेन्सर लावून दोन फेजवर पंप चालवण्याचे उद्योग पुष्कळ झाले. मोटारी जळाल्या, डीपी जळाले. तो मार्ग सोडलेलाच बरा. पण वेल्डिंगच्या ट्रान्सफॉर्मरला मात्र कंडेन्सरचा एक प्रामाणिक उपयोग आहे.

वर आपण पाहिले की दहा नंबर रॉडला मशीन लाईनकडून ७,५०० व्होल्ट-अँपियर मागते. पण वितळवण्यात आणि तापण्यात खरोखर खर्च होते ती वीज ३ किलोवॅटच्या आसपासच असते. उरलेला करंट नुसता ये-जा करतो, पण तार तापवतो, फ्यूज उडवतो. हा ये-जा करणारा करंट कंडेन्सर जागच्या जागी पुरवू शकतो. ५० मायक्रोफॅरडचा, ४४० व्होल्टचा एक रनिंग कंडेन्सर २३० व्होल्टवर साधारण ३.६ अँपियर पुरवतो. असे तीन कंडेन्सर प्रायमरीला समांतर जोडले तर दहा नंबर रॉडच्या वेळचा लाईनचा करंट ३३ वरून २३ अँपियरवर येतो. पाच जोडले तर १८ वर.

मात्र मशीन रिकामे असताना हेच कंडेन्सर उलट लाईनवर करंट टाकतात. म्हणून तीनवर थांबणे शहाणपणाचे, आणि वेल्डिंग थांबले की मशीनचा स्विच बंद करावा. कंडेन्सर स्विचच्या पुढे, मशीनच्या बाजूला असावेत, म्हणजे मशीन बंद झाले की तेही लाईनपासून सुटतील. प्रत्येकावर डिस्चार्जचा रेझिस्टर लावावा, नाहीतर बंद मशीनही झटका देते. आणि मोटार सुरू करण्यासाठीचे काळे स्टार्टिंग कंडेन्सर येथे चालत नाहीत. ते काही सेकंदांसाठी असतात. सतत लाईनवर ठेवले तर फुटतात.

तीन तारांचे मशीन आणि मोटार-जनरेटर

रेक्टिफायर मशीनचे रूपांतर सहसा करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. थ्री फेजमध्ये एका फेजची लाट उतरायच्या आत दुसरीची चढते. त्यामुळे डायोडमधून निघणारे व्होल्टेज शिखराच्या ८७ टक्क्यांखाली कधीच जात नाही. सिंगल फेजमध्ये तेच सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते. तेव्हा आर्क तुटतो, फटफटतो. तो धरून ठेवायला मोठा चोक बसवावा लागतो. शिवाय तीन खांबांच्या ट्रान्सफॉर्मरचा पूर्ण उपयोग होत नाही, त्यामुळे ४०० अँपियरच्या मशीनकडून त्या मानाने फारच थोडा करंट मिळतो. एवढा खर्च करण्यापेक्षा हे मशीन थ्री फेज असलेल्या वर्कशॉपला विकावे.

एखादा म्हणेल, अमेरिकेत तर घरोघरी हौशी कारागीर थ्री फेजची मशिने सिंगल फेजवर चालवतात. खरे आहे. पण तिकडे घरात २४० व्होल्ट असतात आणि तिकडच्या बऱ्याच थ्री फेज मशीनमध्ये २३० व्होल्टची जोडणी कारखान्यातूनच दिलेली असते. म्हणून एक थ्री फेज मोटार रिकामी फिरवून तिच्याकडून तिसरा फेज तयार केला की त्यांचे काम भागते. आपल्याकडे सिंगल फेज २३० आणि मशीनला पाहिजेत ४१५. फेज बनवला तरी व्होल्टेज पुरत नाही, ते चढवायला आणखी एक ट्रान्सफॉर्मर लागतो. तिकडचा नुस्खा येथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

मोटार-जनरेटरच्या जुन्या सेटचा मात्र वेगळा विचार करावा. त्याला वीजच कशाला पाहिजे? त्याला फिरवणारा पाहिजे. मोटारीची लाईन तोडून शाफ्टवर पुली बसवली की डिझेल इंजिन किंवा ट्रॅक्टरचा पीटीओ त्याला फिरवू शकतो. २०० अँपियरला आर्कमध्ये साडेपाच किलोवॅटच्या आसपास वीज लागते. जनरेटरमधला नाश धरला तर १२ अश्वशक्तीचे इंजिन पुरे. पीटीओ ५४० फेऱ्यांचा आणि जनरेटर १,५०० चा असेल तर पुलींचे प्रमाण एकास पावणेतीन ठेवावे. पाटीवरची फेऱ्यांची संख्या आणि फिरण्याची दिशा आधी पाहावी, उलटा फिरवला तर तो वीज धरणार नाही. पट्ट्यावर जाळी बसवल्याशिवाय चालवू नये. धोतराचा सोगा आणि उपरणे यांचा पट्ट्याशी छत्तीसाचा आकडा असतो. असा सेट फडात, रस्त्यावर, कोठेही नेता येतो आणि लाईनची वाट पाहावी लागत नाही.

न्यूट्रल : खरा धोका येथे आहे

दोन फेजवर मशीन चालत होते तेव्हा न्यूट्रलवर त्याचा काहीच भार नव्हता. सिंगल फेजवर आल्यावर सगळा करंट न्यूट्रलमधून परत जातो. आपल्या डीपीवरचे आणि पोलवरचे न्यूट्रलचे जोड कसे असतात ते आपण पाहतोच. गंजलेले, वळसे मारून अडकवलेले, कधी नुसते टेकलेले. अशा जोडातून ३३ किंवा ५० अँपियर सारखे जाऊ लागले की तो जळतो. आणि न्यूट्रल तुटला की शेजाऱ्यांच्या घरात २३० च्या जागी ४०० पर्यंत व्होल्ट शिरू शकतात. दिवे फुटतात, टीव्ही-फ्रीज जळतात. वेल्डिंग आपल्या वस्तीवर आणि नुकसान साऱ्या आळीचे!

याहून भयंकर प्रकार म्हणजे शेतात न्यूट्रल नाही म्हणून एक फेज घ्यायचा आणि दुसरी तार बोअरच्या केसिंगला किंवा जमिनीत ठोकलेल्या सळईला बांधायची. असे प्रकार करणारे महाभाग आहेत. हिशेब पाहा. चांगल्या अर्थिंगचाही विरोध समजा ५ ओहम आहे. त्यातून ३३ अँपियर ढकलायचे तर १६५ व्होल्ट मातीतच खर्च होतील. म्हणजे वेल्डिंग धड होणार नाही आणि केसिंग, पाईप, भोवतालची ओली जमीन जिवंत होईल. पाण्यावर आलेले जित्राब तेथे पाय ठेवते आणि कोसळते. बैलाचे पुढचे आणि मागचे पाय लांब असतात, त्यामुळे जमिनीतल्या करंटचा धक्का माणसापेक्षा त्याला जास्त बसतो. मुलाबाळांचे तर बोलायलाच नको. ही गोष्ट कोणत्याही कारणाने, पाच मिनिटांसाठीसुद्धा करू नये.

अर्थिंग असते ती मशीनच्या पत्र्याला, संरक्षणासाठी. न्यूट्रल असतो तो करंट परत नेण्यासाठी. या दोघांची अदलाबदल नाही.

मीटर आणि कायदा

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण वीजजोडणीला तंतोतंत लागू आहे. विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे, ज्या कामासाठी जोडणी मंजूर आहे त्याशिवाय दुसऱ्या कामाला वीज वापरणे हा अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. असा वापर कधीपासून चालू आहे ते ठरवता आले नाही तर मागच्या बारा महिन्यांची आकारणी होते. मीटर टाळून किंवा आकडा टाकून वीज घेतली तर कलम १३५ खाली ती चोरीच. म्हणून पंपाच्या जोडणीवर किंवा घरच्या मीटरवर वेल्डिंगचा धंदा मांडू नये. मंजूर भार वाढवून घ्यावा, आणि लोकांची कामे करायची असतील तर त्या कामाची जोडणी मागावी.

येथे एक गोष्ट जरूर विचारून घ्यावी. बऱ्याच गावांत गावठाणाचा फीडर शेतीच्या फीडरपासून वेगळा झालेला आहे. अशा गावठाणात पिठाच्या गिरणीसारखे उद्योग थ्री फेजवर दिवसभर चालतात. आपले दुकान गावठाणात असेल आणि तेथे थ्री फेज जोडणी मिळत असेल, तर मशीन बदलण्याची गरजच उरत नाही. रूपांतराचा खर्च करण्यापूर्वी वीज कंपनीच्या शाखा कार्यालयात एक हेलपाटा घालावा.

नेहमीच्या काही शंका

*सिंगल फेजचे छोटे इन्व्हर्टर मशीन घेतले तर?* ज्यांना फक्त घरची दुरुस्ती करायची आहे त्यांना तेच सोयीचे. हातात उचलून नेता येते आणि त्याच कामाला लाईनकडून तेलाच्या मशीनपेक्षा बराच कमी करंट घेते. मात्र त्याचा शत्रू म्हणजे धूळ, पाचटाचा भुसा आणि ग्राइंडरचा लोखंडी कीस. आठवड्याला कोरडी हवा मारून साफ करावे. व्होल्टेज फार खाली गेले की ते बंद पडते. जुन्या मशीनला चांगली तांब्याची सेकंडरी आणि ठणठणीत कोअर असेल तर प्रायमरी भरून घ्यावी. कोअर सैल, तेल गळते, तारा जळक्या अशी अवस्था असेल तर भंगारात देऊन इन्व्हर्टर घ्यावे.

*तारा आणि फ्यूज काय घालावेत?* दहा नंबर रॉडपुरते काम असेल तर ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणि ४० अँपियरचा एमसीबी घालावा. फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळणे म्हणजे राखणदाराला झोपेची गोळी देणे. मशीनच्या आधी ईएलसीबी बसवावा आणि मशीनची बॉडी स्वतंत्र अर्थ करावी.

*सिंगल फेजवर कोणती कामे करावीत?* अँगल, पत्रा, फण, खिडकी-दरवाजे, पाच-सहा मिलिमीटरपर्यंतची पट्टी ही कामे बारा आणि दहा नंबर रॉडने बिनधास्त करावीत. ट्रेलरची हूक, दांडी, अॅक्सल ही जोखमीची कामे. त्यांना नुसता वरून लेप चालत नाही. कड ग्राइंडरने तिरकी करून, गंज आणि रंग काढून, प्रत्येक थराची मळी झाडून, दहा नंबरचेच तीन-चार थर द्यावेत. व्होल्टेज पडलेले असेल तर ते काम त्या दिवशी करू नये. कमी करंटवर लोखंड वरून चिकटल्यासारखे दिसते, पण आत धरत नाही. भरलेली ट्रॉली चढावर सुटली तर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचे काय होते, हे सांगायची गरज नाही.

*रॉड कोणता?* साध्या कामाला ६०१३ जातीचा. तो कमी दाबावरही पेटतो. ७०१८ जातीचा रॉड एसीवर पेटायला ७० व्होल्टच्या आसपास रिकामा दाब लागतो. पडलेल्या लाईनवर तो चिकटतच राहील.

थोडक्यात

पहिल्यांदा गावठाणातली थ्री फेज मिळते का ते विचारा. नसेल तर मंजूर भार, सर्व्हिस वायर आणि न्यूट्रल तपासून घ्या. मग मशीनच्या तारा मोजा. दोन असतील तर कॉइल समांतर जोडणे किंवा प्रायमरी भरणे, हे लायसन्सधारक वायरमनला सोबत घेऊन करा. तीन असतील तर मशीन विकून टाका. मोटार-जनरेटर असेल तर त्याला इंजिन जोडा. आणि जमिनीला न्यूट्रल करण्याचा विचारसुद्धा मनात आणू नका.

हंगामात एक दिवस गाडी उभी राहिली तर नुकसान होते, ते पुढच्या फेऱ्यांत भरून निघते. पण डीपीखाली किंवा पाण्याच्या हौदाजवळ गेलेला जीव कोणत्याही हप्त्यात भरून येत नाही. हंगामाला अजून अवधी आहे. जुने मशीन आजच बाहेर काढून त्याची पाटी वाचावी, आणि गाड्यांच्या हुका हंगामाआधी दिवसाच्या लाईनवर, पुऱ्या दाबावर जोडून घ्याव्यात, ही सर्व सभासदांना आग्रहाची विनंती.